अकरा वर्षं टर्फवर खेळले, मग इनडोअरमध्ये बाकावर का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही दिसेल. तू पुण्यात अकरा वर्षं टर्फवर हॉकी खेळलीस, राज्याच्या ज्युनिअर संघापर्यंत पोचलीस, मिडफिल्ड ही तुझी जागा. शिक्षणासाठी जर्मनीत आलीस, क्लब मिळाला, सप्टेंबर-ऑक्टोबरचे मैदानावरचे सामने झकास गेले. मग थंडी पडली, सगळे हॉलमध्ये शिरले आणि तीन आठवड्यांत तू पहिल्या सहाजणींतून थेट बाकावर. जानेवारीच्या शेवटी तुमच्या क्लबच्या मुली महिलांच्या एका निमंत्रित आंतरराष्ट्रीय इनडोअर स्पर्धेला जाणार आहेत, हातात आठ आठवडे आहेत. तू विचारतेस की वेग वाढवू की ड्रिबलिंग पक्कं करू? आणि शेवटी वैतागून लिहिलंयस, ‘की हा खेळ आपल्या लोकांचा नाहीच?’

वयानं बरीच मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणते. मी पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर वाढले आणि गेली चौदा वर्षं इथे मुलींना हॉलमध्ये हॉकी शिकवते. भारतातून आलेल्या पाच-सहा मुली माझ्या हाताखालून गेल्या. सगळ्यांचं पहिल्या नोव्हेंबरात हेच झालं, आणि माझंही झालं होतं.

वेगही नको आणि ड्रिबलिंगही नको. तुझी अडचण दोन्हींत नाही. टर्फवर आपण समोरच्या बाईला चुकवायला शिकतो. हॉलमध्ये चुकवायला जागाच नसते, तिथे पासची वाट शोधायची आणि समोरच्यांची वाट बंद करायची असते. तू अजून बाईकडे बघतेस, वाटेकडे नाही. तुझ्या प्रशिक्षकाला हे दिसतंय, पण त्याच्या मुली सहाव्या वर्षापासून हॉलमध्ये वाढल्यामुळे ते शब्दांत कसं सांगायचं हे त्याला सुचत नसावं. पोहणाऱ्याला विचार, पाण्यावर तरंगतोस कसा, तोही गोंधळतो.

साधा हिशेब करून बघ. बाहेरचं मैदान ९१.४ बाय ५५ मीटर, त्यावर बावीसजणी. एकीच्या वाट्याला साधारण २२८ चौरस मीटर येतात. हॉलमधलं मैदान ४० बाय २० मीटर, त्यावर बाराजणी. एकीच्या वाट्याला ६७ सुद्धा पुरते नाहीत. म्हणजे तुझ्या अंगणातून चारांतले जवळजवळ तीन हिस्से काढून घेतले आणि वर सांगितलं की आता पळ. तू पळतेस, आणि दोन ढांगांत दुसऱ्या बचावपटूच्या स्टिकवर जाऊन आदळतेस.

पुढे मी जे सांगणार ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुमचा संघ माणसाला माणूस लावून बचाव करतो की जागा वाटून, हे तू लिहिलेलं नाहीस. मी जागा वाटून करतात असं धरते, कारण बहुतेक क्लब तेच करतात. स्पर्धेचा दर्जा काय हेही बघावं लागेल. निमंत्रित स्पर्धांमध्ये एखादा संघ राष्ट्रीय खेळाडूंनी भरलेला असतो आणि एखादा वर्षातून एकदा हौसेनं येणारा. आणि तुला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या फाउलमुळे गोलजवळ मिळणारा मोका, मारता येतो का? येत असेल तर तुझी गोष्ट पुष्कळ सोपी आहे, त्यावर खाली येते.

आधी बाकाचं दुःख थोडं कमी करते. महिलांचा इनडोअर विश्वचषक २००३ मध्ये लाइपझिगला सुरू झाला. तिथून २०२३ पर्यंत सहा स्पर्धा झाल्या आणि चषकावर नावं लागली दोनच. जर्मनी, नेदरलँड्स, जर्मनी, नेदरलँड्स, जर्मनी, नेदरलँड्स. इतकं आळीपाळीनं, की दोघी जावांनी सणाचा स्वयंपाक वाटून घ्यावा तसं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रोएशियातल्या पोरेच गावी पोलंडच्या मुलींनी अंतिम सामन्यात स्पेनला हरवलं आणि ती रांग मोडली. त्याआधी २०२३ ला प्रिटोरियात नेदरलँड्ससमोर अंतिम सामन्यात उभी होती ती ऑस्ट्रिया.

आता जरा मागे चल. १९८० चं मॉस्को ऑलिंपिक, महिलांची हॉकी तिथे पहिल्यांदा आली. सहाच संघ होते. झिम्बाब्वेनं सुवर्ण नेलं, मग चेकोस्लोव्हाकिया, मग सोव्हिएत संघ. चौथे आपण. पाचवी ऑस्ट्रिया आणि सहावं पोलंड. त्यानंतर ऑस्ट्रिया आणि पोलंडच्या मुली ऑलिंपिकच्या हॉकीत पुन्हा दिसल्याच नाहीत. आपण मात्र २०१६ ला रिओला गेलो आणि टोकियोत परत चौथ्या आलो. मैदानाच्या हिशेबानं त्या दोघी आपल्यापेक्षा कितीतरी मागे. पण छताखाली त्यांतली एक जगज्जेती, दुसरी उपविजेती.

याचं कारण मला दोन गोष्टींत दिसतं. एक म्हणजे इथला हिवाळा. हा खेळ मुळात १९५०च्या दशकात जर्मनीत वाढला तोच मैदानं गोठायची म्हणून. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे बाहेरची लीग बंद आणि हॉलची लीग सुरू. ज्या देशात मुलगी वर्षाचे तीन-चार महिने, दरवर्षी, लाकडी फरशीवर खेळते तिची नजरच वेगळी तयार होते. आशियात बघ, इनडोअरमध्ये वर्षानुवर्षं कोण वरचढ? कझाकस्तान. तिथल्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट संख्येची. संघात बाराजणी, मैदानावर एका वेळी सहा. लहान देशालाही दहा-बारा पक्क्या मुली जमवता येतात. नामिबियाच्या मुली २०१८ ला बर्लिनला आणि २०२३ ला प्रिटोरियाला विश्वचषक खेळल्या, आणि तिथे तर बर्फही पडत नाही.

तेव्हा बाकावर बसणं हा तुझ्या अकरा वर्षांवरचा निकाल नव्हे. सुताराला सोनाराच्या दुकानात बसवल्यासारखं झालंय. हात कसबी आहेत, हत्यारं बदलायची आहेत.

हत्यारांचंच बघू. हॉलच्या दाराबाहेर तुला काय काय ठेवून यावं लागतं? हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन हाणणं, बंद. स्लॅप, म्हणजे स्टिक झाडूसारखी फिरवून मारणं, तेही बंद. बॉल फक्त पुश करायचा, म्हणजे स्टिक लावून ढकलायचा, किंवा गोलवर मारताना फ्लिक, म्हणजे ढकलतानाच उचलायचा. बॉल उचलायचा तो डीमधून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातून, गोलवर नेम धरतानाच, एरवी फरशीवरून एक बोटभरही वर नाही. म्हणजे आपल्या मुली ज्या थ्रीडीवर एवढी मेहनत घेतात, बॉल समोरचीच्या स्टिकवरून उचलून पुढे घेणं, ते इथे सरळ फाउल. ओव्हरहेड, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरून लांब टाकलेला बॉल, नाही. लांब पल्ल्याचा काहीच प्रकार नाही. राहतं काय? पुश, बॉल घेण्याची पद्धत, शरीराची ठेवण आणि बाजूचे बोर्ड.

बोर्डापासून सुरू करते, कारण तिथे आपल्या मुलींकडे एक दडलेली शिदोरी आहे. लांबीच्या दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी असते, आतल्या अंगाला किंचित कललेली, म्हणजे बॉल वर न चढता फरशीवरच परत येतो. तू लहानपणी कॅरम खेळली असशीलच. समोर सोंगटी अडलेली असेल तेव्हा तू काय करायचीस? स्ट्रायकर कडेला मारून मागून घ्यायचीस. ज्या कोनात गेला त्या कोनात परत आला. अगदी तेच. समोर बचावपटू आहे, तिच्या डाव्या अंगाला बोर्ड आहे, तर तिला चुकवायचा विचार सोड. बॉल बोर्डाला लाव, तो तिच्या पाठीमागे निघेल आणि तिथे तुझी मैत्रीण असेल किंवा तू स्वतः असशील. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला हे महिनाभर जमेना. शेवटी मी घरचा कॅरम बोर्ड हॉलमध्ये नेला. दोन डाव खेळलो आणि मग स्टिक हातात घेतली. त्या दिवशी तिचा पहिला बोर्ड पास बरोबर गेला. इथल्या बाकीच्या मुली नुसत्या बघत राहिल्या, त्यांच्यात कॅरम फारसं कोणी खेळत नाही.

फक्त एक सांभाळ. बोर्डाला चिकटून, कोपऱ्यात बॉल घेऊन उभी राहू नकोस. नियम सांगतो की कोपऱ्यात किंवा बोर्डाला अडकलेल्या खेळाडूला बॉल बाहेर काढायला रास्त फट सोडायला हवी, पण त्या फटीच्या तोंडाशीच दुसरी मुलगी टपून बसलेली असते. नियमानं फट मिळते, सुटका नाही.

आता बचाव. तू बाकावर जाण्याचं खरं कारण मला इथे वाटतं, तुझ्या ड्रिबलिंगमध्ये नाही. आपल्याकडे समोरून मुलगी आली की आपण जॅब मारतो. एका हातानं स्टिक पुढे झोकायची, बॉलला टोचायचं. टर्फवर चुकला जॅब तरी मागे वळून पळायला पंधरा मीटर असतात. हॉलमध्ये जॅब चुकला की तू संपलीस, मागे दोघींवर एकटी. आणि लागला तर बॉल बहुतेक वेळा उडतो, म्हणजे फाउल. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका छोट्या स्पर्धेत मी असाच जॅब मारला, बॉल उसळून समोरच्या मुलीच्या नडगीवर बसला, मला कार्ड मिळालं. मी जेमतेम एक-दोन मिनिटं बाहेर होते. तेवढ्यात आमच्यावर दोन गोल झाले. मैदानावर अकरातली एक गेली तर कळतही नाही, पण इथे गोलकीपर सोडून उरलेल्या पाचांतली एक गेली की भिंतीतली एक वीट नाही, अख्खं दारच निघतं.

मग करायचं काय? खाली बसायचं. गुडघे वाकवून, पाठ जमेल तेवढी सरळ ठेवून, स्टिक फरशीवर आडवी ठेवायची. पूर्ण आडवी, मुठीपासून टोकापर्यंत फरशीला टेकलेली. जर्मन मुली याला ‘ब्रेट’ म्हणतात, म्हणजे फळी. बॉल फरशीवरूनच जाणार आहे हे तुला आधीच माहीत आहे, कारण उचलायला बंदी आहे. तेव्हा फरशीवर आडवी ठेवलेली स्टिक म्हणजे मीटरभर लांबीचं दार बंद. उजवीकडे एक फळी, डावीकडे उलट्या स्टिकची एक फळी. सुरुवातीला फक्त एवढंच शीक. यात एक मेख आहे. फरशीला स्टिक धरलेला हात टेकला तर चालतो. गुडघा, कोपर किंवा दुसरा हात टेकून बॉल खेळलीस तर फाउल. आपल्या मुलींचे गुडघे पटकन टेकतात, कारण मांड्यांना त्या खोलीची सवय नसते. म्हणून पहिले दोन आठवडे स्टिकपेक्षा मांड्यांवर घाल.

आणि झेप घेऊ नकोस. कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीवर कोपऱ्यातली एकटी मुलगी घाईनं धावली की गुण गेलाच समज. शहाणा संघ साखळी धरून वाट आवळत नेतो आणि चढाईवाली आपणहून चूक करीपर्यंत थांबतो. हॉलमधला बचाव तसाच आहे. इथे जागा वाटून उभं राहण्याच्या एका जुन्या रचनेला ‘वुर्फेल’ म्हणतात, म्हणजे फासा. फाशावरचा पाच आठव, दोन पुढे, एक मधोमध, दोन मागे. बॉल डावीकडे गेला की पाचही ठिपके डावीकडे सरकतात. कोणीही ठिपका सोडून बॉलमागे धावत नाही. तू मिडफिल्डची, सवयीनं बॉलमागे जातेस. तू गेलीस की फाशावरचा मधला ठिपका रिकामा होतो, आणि समोरच्यांना नेमकी तीच सरळ वाट हवी असते. प्रशिक्षक तुला बाहेर काढतो ते बहुधा याच क्षणी. पुढच्या सरावात मुद्दाम बघ, तू बाहेर येण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात कुठे उभी होतीस.

हल्ला करताना हेच उलटं. पाच ठिपक्यांचा फासा हलवायचा तर बॉल हलवावा लागतो, तू नव्हे. म्हणून मागच्या दोघी बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या खेळत का नाहीत? त्या वाट बघत असतात. पाचांपैकी एक ठिपका अर्धा मीटर उशिरा सरकला की वाट उघडली, आणि त्या क्षणी पुश कडक हवा. नुसता जोराचा नको, दिसायच्या आत गेलेला हवा. तुझा पुश कसा आहे मला माहीत नाही. पण हिटवर वाढलेल्या मुलींचा पुश बहुतेक वेळा मवाळ असतो, आणि मारण्याआधी खांदा फिरवून त्या सगळ्या हॉलला सांगून टाकतात की बॉल कुठे जाणार. बॉल घेतानाही तसंच. टर्फवर आपण बॉल पळता पळता घेतो. इथे आधी थांबव, मग मान वर कर. लाकडावर बॉल इतका सुटा धावतो की थांबवायच्या आधी पुढचा विचार केलास तर तो पायाखालून बोर्डापर्यंत जातो.

आता पेनल्टी कॉर्नर. मोठ्या स्पर्धांमध्ये तुल्यबळ संघ भेटले की निकाल इथेच लागतो. गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच, म्हणजे बाहेरच्यापेक्षा लहान. डी नऊ मीटरची. गोलकीपर सोडून बचावातल्या बाकीच्या मुली गोलच्या एका बाजूला, म्हणजे शेवटच्या रेषेवरून जिकडून बॉल आत ढकलला जाणार त्याच्या विरुद्ध बाजूला, उभ्या असतात. बॉल कुठल्या बाजूनं ढकलायचा ते हल्ला करणारे ठरवतात. याचा अर्थ धावत येणाऱ्या मुली कुठल्या अंगानं येणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं आणि डाव त्यावर रचता येतो. पहिल्या मुलीकडे सरळ थांबवून मारा, की बाजूला सरकवून दुसरीकडून मारा, की दूरच्या पोस्टजवळ उभ्या मुलीच्या स्टिकला लावून आत. तुला ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत आणून उचलून मारणं, येत असेल तर उद्याच प्रशिक्षकाला सांग. लाजू नकोस. हॉलमध्ये तिची धाव आखूड करावी लागते, पण पंधरा दिवसांत जमतं, आणि फ्लिक मारणारी मुलगी बाकीचं सगळं मध्यम खेळली तरी संघात राहते. माझ्याकडची कोल्हापूरची मुलगी पहिला मोसम फक्त कॉर्नरसाठी आत यायची. तिला त्याचा राग यायचा. त्या मोसमात सगळ्यांत जास्त गोल तिचेच होते.

फ्लिक येत नसेल तर कॉर्नर अडवायला शीक. धावत जाणारी पहिली मुलगी व्हायला सहसा कोणी हात वर करत नाही. तोंडाला मास्क लावायचा, हातात जाड मोजा घालायचा, आणि नऊ मीटरवरून येणाऱ्या बॉलच्या वाटेत स्टिक आडवी घालायची, अंग नव्हे. धीट मुलीला ही जागा पटकन मिळते. पण हे मी प्रत्येकीला सुचवत नाही. ज्यांना बॉलची भीती वाटते त्यांना वाटू द्यावी, त्यात गैर काही नाही.

स्पर्धेबद्दल दोन गोष्टी. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा असतो आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे तू एका वेळी दोन-तीन मिनिटंच आत असशील. ती मिनिटं पूर्ण दमानं खेळायची, मग बाहेर ये आणि बस. आपल्याला बाहेर काढलं म्हणजे शिक्षा झाली असं वाटतं. इथे ती नुसती पाळी आहे. तुझं ‘बाकावर’ म्हणजे नेमकं काय हेही म्हणून विचारते. अजिबात आत जात नाहीस, की पहिल्या सहात नाहीस? दुसरं असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला. शेवटची काही मिनिटं उरली आणि संघ मागे असला की गोलकीपरला बाहेर काढून सहावी मैदानी खेळाडू आत आणतात, सहाजणी पाचांवर. मागे मोकळा गोल असतो. त्या वेळी बॉल घालवणं हा सगळ्यांत महाग गुन्हा, आणि त्या वेळी प्रशिक्षक डोकं थंड असलेल्या मुलींनाच निवडतो. ती मुलगी व्हायला वेग लागत नाही. बाकी, एका दिवसात दोन सामने येतात आणि हॉलच्या उपाहारगृहात केक आणि सॉसेजपलीकडे फारसं काही मिळत नाही. डब्यात काहीतरी ने. माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू असतात आणि आता आमचा निम्मा संघ त्यांच्यावर जगतो.

आठ आठवडे कसे वाटायचे ते माझ्या पद्धतीनं सांगते. पहिले दोन आठवडे घरी रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, आणि सरावात फक्त फळी. जॅब एकही नाही, जॅब मारलास की स्वतःला दंड लाव. पुढचे तीन आठवडे पुश आणि बोर्ड. हॉलमध्ये व्यायामाचे लांब लाकडी बाक असतात, त्यांतला एक आडवा पाड. तुला बोर्ड मिळाला. सराव सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं जा आणि वेगवेगळ्या कोनांतून पन्नास-साठ पुश मार, मारण्याआधी खांदा न हलवता. मैत्रीण असेल तर तिला मोबाइलवर चित्रित करायला सांग. आपला खांदा आपल्याला दिसत नाही. त्यानंतरचे दोन आठवडे कॉर्नर, मारणं किंवा अडवणं, दोन्हींतलं एकच. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही नको. एवढ्यानं तू पहिल्या सहात येशील का? कबूल करते, कदाचित नाही. बारात उपयोगाची होशील हे नक्की सांगते, आणि पुढच्या हिवाळ्याचं चित्र वेगळं असेल.

सामानात कंजूषी करू नकोस. इनडोअरची स्टिक बारीक आणि हलकी असते, बाहेरची वापरू नकोस. तिच्या खरवडलेल्या कडेनं फरशीवर ओरखडे उठतात आणि हॉलचा रखवालदार पुढच्या वेळी दारातच अडवतो. डाव्या हाताला जाड, टणक मोजा घे, फळी धरताना बोटं फरशीवर घासतात. बुटांचा तळवा डाग न पाडणारा हवा.

राहिला ‘आपल्या लोकांचा खेळ’ हा प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला महिलांचा पहिला हॉकी फाइव्ह्ज विश्वचषक झाला. भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, तिथे नेदरलँड्सकडून ७-२ असा पराभव झाला. त्या दोन गोलांतला एक आपल्या सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळचा होता. आता हॉकी फाइव्ह्ज म्हणजे इनडोअर नव्हे. ते उघड्यावर, टर्फवर, पाच-पाचजणींचं, त्यात हिट चालतो आणि पेनल्टी कॉर्नर नसतो. पण जागा लहान, कडेला बोर्ड, आणि बाहेर-आत सतत चालू. लहान जागेत आपल्या मुलींचा जीव गुदमरतो असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. आपल्याकडे हॉल नाहीत, म्हणजे आहेत, पण बॅडमिंटनच्या लाकडी फरशीवर स्टिक घेऊन पाय ठेवून बघ, काय ऐकायला मिळतं ते. आणि खरं तर आपल्याला गरजच पडली नाही. महाराष्ट्रात हिवाळ्यातही मैदानावर हॉकी चालते. जिथे डिसेंबरात मैदानावर कोवळं ऊन पडतं तिथे छताखाली कोण जाईल?

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस आणि मला ती आधी कळायला हवी होती. गुडघ्याची किंवा पाठीची जुनी दुखापत आहे का? असेल तर मांड्यांचा व्यायाम आणि फळी या दोन्ही गोष्टी वर सांगितल्या तशा लगेच सुरू करू नकोस, फिजिओथेरपिस्टला दाखव आणि मला इथेच कळव. मग पहिले तीन आठवडे वेगळे आखावे लागतील.